कपड्यांच्या घडीवर ठेवलेली किल्ली

प्रश्न : आम्ही चार मैत्रिणी, चौघीही नोकरीतून निवृत्त. तुरुंगातून सुटून येणाऱ्या माणसांना पुन्हा उभे राहायला मदत करावी, म्हणून आम्ही एक छोटा गट केला. पहिला माणूस ४१ वर्षांचा होता आणि नऊ वर्षांची शिक्षा भोगून आला होता. त्याच्यासाठी आम्ही खोली बघून ठेवली, कपडे आणि फोन घेतला, दिवसाचे वेळापत्रक आखून दिले आणि सुटकेच्या तिसऱ्या दिवसापासून ओळखीच्या एका छापखान्यात कामही मिळवून दिले. मालकांनी आमच्या शब्दावर त्याला महिन्याच्या पगाराएवढी उचल दिली. तो काम चांगले करत होता. एका मोठ्या ऑर्डरसाठी दोन रात्री उशिरापर्यंत थांबलाही होता. सतराव्या दिवशी त्याची दुसरी साप्ताहिक सुट्टी होती. त्या दिवशी एका मैत्रिणीच्या घरी आम्ही आमच्या परिचितांशी त्याची ओळख करून दिली आणि तिथे तो दोन शब्द बोलला. एकोणिसाव्या दिवशी सकाळी तो निघून गेला. खोलीत घडी केलेले कपडे, त्यावर फोन आणि फोनवर किल्ली एवढेच होते. महिन्याची उचल घेऊन तो पळाला म्हणून मालक चिडले आहेत. आमच्यातली एक जण म्हणते की आता हे पुरे. पण पुढच्या महिन्यात २९ वर्षांचा एक मुलगा सुटतो आहे आणि त्याला आम्ही होकार दिलेला आहे. आमचे कुठे चुकले, आणि या मुलाला हात द्यावा की नाही?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. तिसऱ्या वेळी कागद-पेन्सिल घेऊन वाचले. ती का घेतली ते शेवटी सांगते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र आधी देते, कारण तो मुलगा तारखा मोजत बसलेला असणार. त्याला दिलेला होकार मागे घेऊ नका. फक्त पहिल्या माणसाच्या वेळी जे केले तेच पुन्हा तसेच करू नका.

आता पहिल्या प्रश्नाकडे येते. ज्याला लुबाडून पळायचे असते तो फोन ठेवून जात नाही. तुमच्या हातून आलेली प्रत्येक वस्तू या माणसाने जागच्या जागी परत ठेवली, तीही कपड्यांची घडी करून. तो नेमका का गेला हे तुम्ही किंवा मी ठामपणे सांगू शकत नाही. एखादा जुना घेणेकरी दारात उभा राहिला असेल, व्यसनाने पुन्हा ओढले असेल, घरून काही निरोप आला असेल. नऊ वर्षे आत राहिलेल्या माणसाच्या मागे अशा अनेक गोष्टी असतात आणि त्यातल्या बऱ्याच तो मदत करणाऱ्यांना सांगत नाही. तरीही तुमच्या पत्रात दोन गोष्टी अशा आहेत की त्यांच्याकडे मला बोट दाखवावेच लागेल.

पहिली म्हणजे सतराव्या दिवसाचे ते 'दोन शब्द'. तुम्ही ते ओझरते लिहिले आहे, पण माझी नजर तिथेच अडकली. तुमचा हेतू चांगला होता आणि त्याच्या ओळखी वाढाव्यात हा विचारही चुकीचा नव्हता. पण ते दृश्य त्याच्या बाजूने पाहा. अनोळखी घर, खुर्च्यांवर बसलेली पंधरा-वीस माणसे, प्रत्येकाला त्याच्याविषयी आधीच सगळे ठाऊक आणि त्याला त्यांच्यापैकी एकाचेही नाव माहीत नाही. अशा ठिकाणी उभे राहून त्याने काय बोलायचे? आभार मानायचे, की पश्चात्ताप सांगायचा? ज्या माणसाने वर्षानुवर्षे रांगेत उभे राहून स्वतःचे नाव आणि क्रमांक सांगितला आहे, त्याला आपण बाहेर आल्यावर पुन्हा एकदा उभे करून ओळख सांगायला लावली. मदत घेणाऱ्याने कृतज्ञता दाखवावी असे आपण उघडपणे कधी म्हणत नाही. पण ती दिसली नाही की आपण हिरमुसतो, आणि समोरच्याला ते बरोबर कळते. सुटून आलेल्या माणसाची कहाणी ही त्याची मालमत्ता आहे. ती कोणाला, केव्हा आणि किती सांगायची हे त्यालाच ठरवू द्या. तुमच्या घरच्यांनाही त्याच्या गुन्ह्याचा तपशील त्याच्या परवानगीशिवाय सांगू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे ते वेळापत्रक. खोली तुम्ही पाहिली, कपडे तुम्ही निवडले, काम तुम्ही ठरवले आणि उठण्या-झोपण्याच्या वेळाही तुम्हीच लिहून दिल्या. त्या माणसाला स्वतः ठरवायला एकच गोष्ट शिल्लक होती, ती म्हणजे राहायचे की जायचे. हे मी तुम्हाला टोचावे म्हणून लिहीत नाही, कारण हीच चूक मी स्वतः केलेली आहे. समुपदेशनाच्या सुरुवातीच्या वर्षांत सुटून आलेल्या एका माणसाला मी पहिल्याच दिवशी कपड्यांच्या मोठ्या दुकानात घेऊन गेले होते. भिंतभर टांगलेल्या सदऱ्यांसमोर तो अर्धा तास उभा होता. हात पुढे करायचा, मागे घ्यायचा, शेवटी घामाघूम होऊन म्हणाला, "मॅडम, तुम्हीच सांगा." मी चटकन एक निळा सदरा काढून दिला आणि आपण त्याची सोय केली असे समाधान मानले. त्याच दिवशी परत येताना मी कार्यालयाच्या दारापाशी फोनवर बोलत थांबले, तर तो बंद दारासमोर हात मागे बांधून माझी वाट पाहत उभा राहिला. दाराला कुलूप नव्हते, नुसते ढकलायचे होते. पण आत असताना दार दुसऱ्याने उघडायचे असते आणि आपण थांबायचे असते, हे त्याच्या अंगात इतके मुरले होते की साधे दार ढकलण्याचे त्याला सुचलेच नाही. दुकानात मी काय करायला हवे होते ते मला त्या दारापाशी समजले. तीनच सदरे समोर ठेवायचे आणि गप्प बसायचे.

तुरुंगात माणूस अनेक गोष्टी शिकतो, पण ठरवणे विसरतो. कधी उठायचे, काय खायचे, दिवा कधी विझणार हे सगळे बाहेरून ठरलेले असते. सुटल्यावर एका दिवसात शंभर निर्णय अंगावर कोसळतात आणि माणूस गांगरतो. त्यावर सगळे निर्णय आपणच घेऊन टाकणे हा उपाय वाटतो, पण त्याने तो आणखी एका तुरुंगात गेल्यासारखा होतो; फरक इतकाच की इथले पहारेकरी प्रेमळ असतात. वेळापत्रक हवेच, कारण मोकळा वेळ पहिल्या दिवसांत फार खायला उठतो, पण ते त्याच्या हस्ताक्षरात असू द्या.

म्हणून या २९ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत पहिले काम आजच करण्यासारखे आहे. तो आत असतानाच, नियमांत बसेल तशी, त्याची भेट घ्या आणि त्याला विचारा. त्याला कुठे राहायचे आहे, कोणापासून लांब राहायचे आहे, आत काही काम शिकला आहे का, घरी कोणी वाट पाहते आहे का, आणि कोणती गोष्ट त्याला मुळीच नको आहे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा सर्वांत उपयोगी असते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१५ मध्ये स्वीकारलेले बंद्यांविषयीचे किमान नियम नेल्सन मंडेला यांच्या नावाने ओळखले जातात. त्यातला १०७ वा नियम सांगतो की बंद्याच्या सुटकेनंतरच्या भवितव्याचा विचार शिक्षेच्या पहिल्या दिवसापासून व्हायला हवा. १०८ व्या नियमात सुटताना माणसाजवळ काय असावे याची यादी आहे, आणि ती मला नेहमी तिच्या साधेपणामुळे आवडते. आवश्यक कागदपत्रे व ओळखपत्र, राहायला जागा, करायला काम, हवामानाला साजेसे धड कपडे, मुक्कामी पोचण्यापुरते आणि सुरुवातीचा काळ निभावण्यापुरते पैसे. प्रत्यक्षात या यादीतली पहिलीच गोष्ट बहुतेकांजवळ नसते. ओळखपत्राची मुदत संपलेली असते, किंवा ते ज्या घरात होते ते घरच राहिलेले नसते. ओळखपत्र नसले की बँकेत खाते उघडत नाही, खाते नसले की पगार जमा होत नाही, फोनचे कार्ड मिळत नाही, आणि फोन नसला की हल्ली कुठलाही अर्ज पुढे सरकत नाही. सुटकेला महिना आहे म्हणता, तर तुमच्यापैकी एकीने हा महिना फक्त कागदपत्रांना द्यावा. हे काम कंटाळवाणे आहे, रांगांचे आहे, त्यात कोणाचे डोळे पाणावत नाहीत, आणि मदतीचा निम्मा भाग हाच आहे.

सुटकेच्या दिवशी फाटकाशी एकच जण जा, फार तर दोघी. कोणत्याही समारंभाची तयारी नको. पहिल्या दोन दिवसांत त्याला झोप लागणार नाही, कारण दिवा विझवता येतो आणि शांतता असते, या दोन्हींची त्याला सवय राहिलेली नसेल. तो भराभरा जेवेल, साबणाची वडी लपवून ठेवेल, फोनच्या पडद्यावर बोट कसे फिरवायचे हे विचारायला लाजेल. यातल्या कशावरही हसू नका आणि फार कौतुकाने समजूनही घेऊ नका. नुसते चालू द्या. रस्ता ओलांडायला, गर्दीच्या गाडीत चढायला आणि पैसे देण्याच्या नव्या पद्धती शिकायला त्याच्या सोबत जा, पण पैसे त्याच्याच हाताने देऊ द्या.

पहिल्या पंधरवड्याविषयी मात्र एक गोष्ट अत्यंत गंभीरपणे सांगते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातून १९९९ ते २००३ या काळात सुटलेल्या तीस हजारांहून अधिक माणसांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत या माणसांच्या मृत्यूचा धोका त्या राज्यातील इतर रहिवाशांच्या तुलनेत जवळजवळ तेरा पट होता, आणि मृत्यूचे सर्वांत मोठे कारण अमली पदार्थांची अतिमात्रा हे होते. कारण समजायला अवघड नाही. आत असताना शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि माणूस बाहेर येऊन जुनीच मात्रा घेतो. त्या मुलाला कधी व्यसन होते का, हे त्याला सरळ, आवाज न बदलता विचारा. उत्तर 'हो' असेल तर नोकरीच्या आधी डॉक्टरची वेळ ठरवा. आत त्याला कोणती औषधे चालू होती आणि ती किती दिवसांची बरोबर मिळणार आहेत, हेही सुटकेपूर्वीच विचारून ठेवा. मानसिक आजाराची गोळी चार दिवस चुकली तरी सगळी घडी विस्कटू शकते.

कामाविषयी तुमची घाई मला समजते, पण तिसरा दिवस फार लवकर होता. एक-दोन आठवडे कागदपत्रे, तबियत आणि घरच्यांच्या भेटी यांना द्या. काम शोधताना त्याला सोबत घ्या. तुम्ही शब्द टाकलात तर दार उघडेल हे खरे, पण ते दार तुमचे असेल, आणि तिथे काही बिघडले की त्याला मालकाबरोबर तुमच्यापुढेही मान खाली घालावी लागेल. त्याच्या भूतकाळाविषयी मालकाला सांगायचे की नाही, या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे. ज्याच्या हाताखाली तो काम करणार आहे त्याला ठाऊक असावे, आणि ते त्या मुलाने स्वतः सांगावे. त्याची दोन-तीन वाक्ये आधी तयार करून घ्या. काय घडले होते, त्यानंतर मी काय शिकलो, आणि हे काम मला का जमेल. रडकथा नको, सफाईही नको. बाकीच्या कामगारांना कळवण्याचे कारण नाही.

पुष्कळ ठिकाणी नकार मिळेल, हे त्याला आधीच सांगा. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात एका समाजशास्त्रज्ञ महिलेने केलेला प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. सारखेच शिक्षण आणि सारखाच अनुभव दाखवणाऱ्या तरुणांना तिने नोकरीसाठी अर्ज करायला पाठवले. काहींच्या अर्जात शिक्षेचा उल्लेख होता, काहींच्या नव्हता. गोऱ्या उमेदवारांत शिक्षा नसलेल्यांपैकी ३४ टक्क्यांना मालकांकडून पुन्हा बोलावणे आले, शिक्षा भोगलेल्यांपैकी फक्त १७ टक्क्यांना. काळ्या उमेदवारांत हे प्रमाण १४ आणि ५ टक्के होते. म्हणजे कातडीचा रंग आणि तुरुंगाचा शिक्का हे दोन्ही एकत्र आले की दार जवळजवळ बंदच. हे आकडे एका शहराचे आहेत, परंतु ज्यांच्यावर समाज आधीच संशयाने पाहतो त्यांना हा शिक्का दुप्पट जड जातो, हे मी समुपदेशनाच्या खोलीत वारंवार पाहिले आहे. दहा नकारांनंतर माणूस 'मी म्हटलेच होते' या वळणावर येतो, आणि त्याच दिवशी त्याच्या शेजारी कोणीतरी बसलेले असणे गरजेचे असते.

आणि उचल देऊ नका. महिन्याचे पैसे एकदम हातात येणे हे ज्याने वर्षानुवर्षे पैसे हाताळलेले नाहीत त्याच्यासाठी ओझे असते, शिवाय जुन्या ओळखीच्या लोकांना ते लगेच कळते. मालक तयार असतील तर पहिले दोन महिने पगार आठवड्याला द्यावा. तुमच्यापैकी कोणीही त्याला खासगीत पैसे देऊ नयेत. गटाचा एक लहानसा निधी असावा, त्यातून काय मिळू शकते आणि काय नाही हे त्याला पहिल्याच दिवशी माहीत असावे.

तुम्ही चौघी आहात, हे मला फार उपयोगाचे वाटते. कॅनडातील हॅमिल्टन शहरात १९९४ मध्ये असाच एक प्रसंग आला होता. लहान मुलांवरील अत्याचारांसाठी शिक्षा झालेला एक माणूस पूर्ण मुदत भोगून सुटत होता. त्याच्यावर देखरेख ठेवणारी कोणतीही यंत्रणा नव्हती आणि शहर भीतीने व रागाने पेटले होते. तिथल्या एका छोट्या चर्चच्या धर्मगुरूंनी आपल्या मंडळीतली काही माणसे गोळा केली आणि त्याच्याभोवती एक कडे तयार केले. रोज कोणीतरी त्याला भेटायचे, अडचणी ऐकायचे, आणि त्याचे पाऊल वाकडे पडते आहे असे वाटले तर तोंडावर विचारायचे. पुढे ही पद्धत कॅनडात आणि इतर देशांतही पसरली. एका माणसाभोवती चार ते सहा स्वयंसेवक, असे तिचे साधारण रूप आहे. त्यात आधाराबरोबर जाब विचारणेही तितकेच महत्त्वाचे मानले जाते, आणि तुमच्या गटात मला हीच बाजू दिसली नाही. तुम्ही त्याला सगळे दिले, पण त्याला काही विचारले नाही. आठवड्यातला एक दिवस आणि तास ठरवा. चौघींपैकी किमान दोघी आणि तो मुलगा. तिथे तीन गोष्टी व्हाव्यात. या आठवड्यात काय जमले, काय फसले आणि पुढच्या आठवड्यात तो काय करणार. जे करीन म्हणाला ते केले नाही तर तसे म्हणा. रागावू नका, पण झाकूही नका. त्याच्याशी कठोर बोलणारे कोणी नाही म्हणजे त्याला कोणी गंभीरपणे घेत नाही, असेही त्याला वाटू शकते.

तुमच्या मर्यादाही त्याला ठाऊक असू द्या. कोणीही एकटीने त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेऊ नका. रात्रीचा फोन कोण उचलेल हे ठरवा, म्हणजे चौघींची झोप मोडणार नाही. तो पॅरोलवर किंवा देखरेखीखाली असेल तर अटी काय आहेत, कोणत्या तारखेला कुठे हजेरी लावायची आहे, हे लेखी पाहून घ्या, कारण नव्या गुन्ह्याशिवाय नुसती हजेरी चुकली म्हणून परत आत जाणारेही असतात. कोणाच्या जिवाला धोका आहे असे दिसले तर तुम्ही गप्प बसणार नाही, हे मैत्री जमायच्या आधीच सांगून टाका. नंतर सांगितले तर तो विश्वासघात वाटतो.

ज्यांच्यावर त्याने अन्याय केला त्यांच्याविषयी एवढेच सांगते की त्याला माफी मागायला घेऊन जाऊ नका. माफीची भेट त्याच्या मनःशांतीसाठी उपयोगी असेलही, पण समोरच्या घरात ती पुन्हा एकदा घुसखोरी ठरू शकते. त्या कुटुंबाने स्वतःहून तशी इच्छा दाखवली तर प्रशिक्षित मध्यस्थांमार्फतच पुढे जा.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात दिसली नाही, ती म्हणजे त्या माणसाने तुमच्यासाठी काय केले. इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात गुन्हेगारी सोडलेल्या आणि न सोडलेल्या माणसांच्या मुलाखती घेऊन झालेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी गुन्हेगारी सोडली होती त्यांच्या बोलण्यात एक धागा वारंवार सापडला. आपण मुळात वाईट नव्हतो, आणि आता आपल्या हातून दुसऱ्या कोणाचे तरी भले व्हावे. नुसते घेत राहणे माणसाला जड होते. तुमचा तो ४१ वर्षांचा माणूस छापखान्यात रात्री उशिरापर्यंत थांबला, याचे मला म्हणूनच नवल वाटले नाही. परत देण्यासाठी त्याच्याजवळ तेवढेच होते. या मुलाला काही येत असेल, सायकल दुरुस्त करणे म्हणा, रंगकाम म्हणा, तर तुमच्या घरातले एखादे खरे काम त्याच्याकडे घेऊन जा आणि त्याचे पैसे द्या. आणि काही महिन्यांनी, तो तयार असेल तर, पुढच्या सुटणाऱ्या माणसाच्या कागदपत्रांच्या रांगेत त्याला उभे करा. त्या रांगेतले बारकावे तुमच्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक असतील.

किती काळ सोबत करायची, असे तुम्ही विचारलेले नाही, पण प्रश्न येईल. मी वर्ष धरून चाला म्हणते. पहिले तीन महिने दाट, मग विरळ. समाजाचा संशय त्याहून जास्त टिकतो. १९८० साली न्यूयॉर्क राज्यात पहिल्यांदा अटक झालेल्या लोकांच्या नोंदी दोन संशोधकांनी तपासल्या तेव्हा असे दिसले की वयाच्या अठराव्या वर्षी जबरी चोरीसाठी पकडला गेलेला मुलगा त्यानंतर पुन्हा पकडला गेला नाही, तर सुमारे पावणेआठ वर्षांनी त्याचा धोका त्याच्या वयाच्या सर्वसाधारण माणसाइतकाच उरतो. घरफोडीच्या बाबतीत हा काळ चार वर्षांहूनही थोडा कमी भरला. म्हणजे शिक्का पुसला जातो, फक्त तो पुसला गेल्याचे कागदावर यायला उशीर लागतो. मधल्या काळात तो एखादी भेट चुकवेल, एखादे काम सोडेल, खोटेही बोलेल. त्यातल्या प्रत्येक गोष्टीला 'गेला परत वाया' म्हणू नका. काम सोडणे हा गुन्हा नाही. आपली मुलेही सोडतात.

आता त्या कागद-पेन्सिलीकडे येते. पत्रात तुम्ही लिहिले आहे की महिन्याची उचल घेऊन तो पळाला. तुमच्याच तारखा घेऊन मी हिशेब मांडला. तिसऱ्या दिवसापासून अठराव्या दिवसापर्यंत सोळा दिवस होतात. दोन सुट्ट्या वजा केल्या तर चौदा दिवस त्याने भरले. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले तर त्याच्याकडे बाकी आहे ती बारा दिवसांची, आणि त्या दोन रात्रींचा जादा वेळ अजून त्यात धरलेलाच नाही. ज्याने अर्ध्याहून अधिक रक्कम घाम गाळून फेडली आहे त्याला तुम्ही सगळे जण महिनाभर चोर म्हणत आहात, आणि नेमके हेच आपल्याविषयी म्हटले जाईल हे त्याला जाताना माहीत असणार.

छापखान्याच्या मालकांकडून हा हिशेब त्यांच्या सहीने लिहून घ्या, जादा कामाचे तास धरून. बाकी रक्कम माफ करू नका, असे मी मुद्दाम सांगते. माफ केली तर त्याच्या डोक्यावर आणखी एक उपकार चढेल आणि परत येण्याची वाट बंद होईल. देणे राहिले तर फेडण्याच्या निमित्ताने का होईना, तो येऊ शकेल. त्याचे कोणी नातेवाईक किंवा हजेरीचे अधिकारी तुम्हाला ठाऊक असतील तर त्यांच्यामार्फत तो कागद त्याच्यापर्यंत पोचवा. सोबत एवढेच लिहा की बाकी इतकी आहे, जमेल तशी द्यावी, कपडे आणि फोन सांभाळून ठेवले आहेत. त्या दिवशी दोन शब्द बोलायला लावले त्याबद्दल क्षमस्व, ही ओळ मात्र चौघींपैकी जिने ती बैठक बोलावली होती तिने स्वतःच्या हाताने लिहावी.